लाभ, दोन, तीन

अकरावी ब. सहावा तास. दोनातला एकच पंखा फिरतोय.
फळ्यावर लिहिलं: मोल.
मागच्या बाकावरून कौसर मुल्ला,
"मॅडम, कुणाचं मोल?"
वर्ग हसला. मीही.
कौसर हसली नव्हती.
तिची आई विश्रामबागेत चार घरी भांडी घासते.
हा शब्द तिच्या घरी
माझ्या आधीच पोचला होता.

मी पुस्तकातलं सांगितलं.
कण मोजता येत नाहीत, म्हणून ते तोलायचे.
अठरा ग्रॅम पाणी म्हणजे एक मोल,
एक मोठा घोट.
मग नव्वद ग्रॅमचे किती?
निम्म्या वर्गानं भागायच्या जागी गुणलं
आणि पेलाभर पाण्याच्या दोन घागरी झाल्या.

शेवटी फळ्यावर आयर्विन पूल काढला.
अलीकडे सांगली, ग्रॅम.
पलीकडे सांगलीवाडी, मोल.
जाताना भागा, येताना गुणा, पूल तोच.
फक्त प्रत्येक संयुगाचा आकडा निराळा:
मिठाचा साडेअठ्ठावन्न, साखरेचा तीनशे बेचाळीस,
द्राक्षबागेत फवारतात त्या मोरचुदाचा
अडीचशेला जरासा कमी,
आत पाण्याचे पाच रेणू दडलेत, ते धरून.
"ते कशाला धरायचे? पाणी तर फुकट असतं."
तासगावहून एसटीनं येणारा सुदर्शन मागं वळला:
"कुठं?"
तेवढ्यात घंटा झाली.

घरी आप्पा.
तीस वर्षं हळदीच्या पेठेत मापाडी.
पहिल्या मापाला ते कधी एक म्हणाले नाहीत.
लाभ, म्हणायचे. मग दोन, मग तीन,
एका सुरात, संध्याकाळपर्यंत,
आणि धोतर, भुवया, हिशेबाची वही
सगळं पिवळं.
मला अंक शिकवले तेही असेच.
शाळेत पहिल्या दिवशी बाईंनी विचारलं, दोनाच्या आधी काय?
मी म्हणाले, लाभ.
छडी बसली.

आता पेठेत इलेक्ट्रॉनिक काटे. आप्पा सोप्यात.
चहा पिताना विचारतात, आज काय शिकवलंस राजमती?
मी सांगते. ते कान देऊन ऐकतात,
मग पेठेतला प्रश्न:
"क्विंटलभर हळदीत तुझे मोल किती?"
हळदीचे नाही निघत आप्पा, ती मिश्रण आहे.
पण तिला पिवळं करतं ते कुर्क्युमिन
शंभर किलोत तीनेक किलो धरलं,
तर तीन हजार भागिले तीनशे अडुसष्ट...
आठ.
"आठच?"
कपबशी खाली ठेवली त्यांनी.
पाठीवर वाहिलेलं, काट्यावर चढवलेलं,
खोकल्यातून अजून न उतरलेलं
ते सगळं, आणि आठ.
एकेका मोलात सहावर तेवीस शून्यं एवढे रेणू असतात,
मी घाईनं म्हणाले,
जणू दर पाडून आलेली अडत्याची पोर.
"शून्यं ऱ्हाऊ देत," आप्पा म्हणाले.
"एक मोल हातात दे. बघू तरी."

मग मी स्वयंपाकघरातला छोटा काटा काढला,
वाटीचं वजन वजा केलं,
चमच्यानं मीठ टाकत गेले,
एक चिमूट परत काढली.
अठ्ठावन्न पॉइंट पाच.
त्यांच्या तळव्यावर ओतलं.

मोतीबिंदूचे डोळे मिटून
त्यांनी हात एकदा वर, एकदा खाली केला,
जसा सौद्यात हळकुंडांचा नमुना जोखायचे.
"पाच तोळे."
"आप्पा, ग्रॅममध्ये सांगा ना."
"पाच तोळे, जुने."
जुना तोळा अकरा पॉइंट सहासष्ट.
मी वहीच्या पाठीवर गुणलं.
अठ्ठावन्न पॉइंट तीन.
वही मिटली. काही बोलले नाही.

मीठ सांडायचं नसतं म्हणून
ते भिंत धरत स्वतःच उठले,
सट शोधून तिच्यात मूठ उघडली,
आणि कुणालाच ऐकू जाऊ नये अशा आवाजात
म्हणाले,
लाभ.